टेबलाची पैज

यॉर्कशरच्या टेकडीवर वारा बोचरा होता, तरी सेड्रिक थ्वेटला घाम फुटला होता. अडीचशे वर्षांपूर्वीच्या, गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुकीची हुबेहूब नक्कल त्याने घरी बनवली होती. घरी म्हणजे बायकोच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर! चार हिवाळे एनिड बिचारी मांडीवर ताट घेऊन जेवली. शेवटी तिने बजावलं, "शनिवारी टेकडीवरच्या नेमबाजी क्लबात सहा बार न अडकता काढलेस तर टेबल तुझं. नाहीतर ही बया भिंतीवर टांगायची, पुन्हा खाली काढायची नाही."

बया मोठी हुशार. इतर बंदुकांसारखं नळीच्या तोंडातून गज ठोकत बसायला नको. चापाभोवतीची कडी फिरवली की नळीमागचा जाड स्क्रू खाली उतरतो. गोळी घाला, दारू घाला, कडी उलटी फिरवा, चाप ओढा, धडाड!

शनिवारी पहिले तीन बार झकास झाले. मग कडी हलेचना.

अहो, हलणार कशी? चारचौघांत चमकावी म्हणून या शहाण्याने आदल्या दिवशी स्क्रू घासून आट्यांतलं सगळं वंगण पुसलं होतं. कोरड्या आट्यांत दारूची काजळी गच्च बसली. वंगणाची डबी? ती घरी, टेबलावर!

"चहा टाकू का रे, सेड्रिक? तोवर उघडेल," ह्युबर्ट क्लेग ओरडला. तो जन्मभर बंदूक तोंडाकडून भरणारा. सगळे खो खो हसले. "भिंतीवर मात्र शोभेल हो!"

एनिड नुसती गप्प बसली असती तरी पुरलं असतं. टेबल तिचंच झालं होतं. पण नवऱ्याचे लालबुंद कान पाहून तिला भडभडून आलं. तिने जेवणाचा डबा उघडला आणि पावावर थापलेली गोमांसाची चरबी बोटाने खरवडली.

"धर. चोपड आट्यांना."

"अगं, पण तू जिंकलीस की!"

"गप रे. आणि ह्युबर्ट, याला हसायचा हक्क माझा. लग्न मी केलंय याच्याशी!"

कडी कुरकुरली, फिरली. उरलेले तिन्ही बार उडाले आणि मैदानभर रविवारच्या मेजवानीतल्या भाजलेल्या मांसासारखा वास सुटला. गोळ्या कुठे लागल्या ते विचारू नका. नेमाची अट नव्हती.

तरी बया मध्ये अडकली होतीच, म्हणून सेड्रिक शब्दाला जागला. घरी येताच त्याने बंदुकीसाठी भिंतीत खिळा ठोकला.

टेबलाशी जेवत बसलेली एनिड म्हणाली, "चरबीत मीठ होतं. गंजेल ती. आधी उघडून पूस."

"कुठे बसू?"

तिने आपलं ताट बाजूला सरकवलं. "इथे. आणखी कुठे?"

मग उठून तिने त्या खिळ्याला तवा अडकवला.