अकरावा रकाना

भाऊ गेल्यानंतर पाचव्या दिवशी महिन्याची एक तारीख आली आणि मी नेहमीप्रमाणे फलक लिहायला संस्थेत गेले. लोक म्हणाले, धीराची बाई. धीर वगैरे काही नव्हता. आतून काही हलतच नव्हतं, मग घरी बसून तरी काय करायचं होतं?

आमची संस्था लहान आहे. दोन खोल्या, एक कपाट, एक पगारी कारकून आणि फुकट राबणारे आम्ही सात जण. ज्यांना औषधं आणि तपासण्या परवडत नाहीत त्यांना आम्ही मदत करतो. मी खजिनदार. बँकेत कॅशियर म्हणून एकतीस वर्षं काढली, त्यामुळे माणसांपेक्षा आकड्यांशी माझं जास्त जमतं, असं माझा भाऊच म्हणायचा. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, फ्रीज दुरुस्त करणारा मिस्त्री.

आमच्या फलकाची मोठी ख्याती होती. माझ्याआधीच्या खजिनदाराने ‘एक गरजू रुग्ण’ असं लिहून तीसेक वेळा पैसे काढले, आणि त्या गरजू रुग्णाने स्वतःच्या स्वयंपाकघराला नव्या फरशा बसवून घेतल्या. मी आले आणि नियम केला. दर एक तारखेला दारासमोर सगळं लिहायचं. कोणी किती दिले, कोणाला किती दिले, पूर्ण नाव, आजार, रक्कम. सभेचं इतिवृत्तसुद्धा तिथेच लावायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, आमच्याकडे ती उघडीच ठेवायची. कोणी कुरकुर केली तर माझं उत्तर ठरलेलं, कर नाही त्याला डर कशाला. दुसऱ्या संस्थांची माणसं मुद्दाम फलक बघायला यायची. मी त्यांना चहा द्यायचे आणि, खोटं कशाला बोलू, माझी मान चांगली ताठ व्हायची.

त्या दिवशी मी खुर्चीवर उभी राहून नावं लिहीत होते. मधुमेह, मूत्रपिंड, मोतीबिंदू. कारकून खाली उभा राहून यादी वाचत होता. अक्षर नेहमीसारखं येत होतं, आणि त्याचाच मला जरा राग येत होता. सातव्या नावाशी कारकून थांबला. म्हणाला, ताई, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय.

माझा भाऊ दोन महिन्यांपूर्वी तिथे येऊन गेला होता. मी बँकेत गेले होते तेव्हा. त्याने मदतीचा फॉर्म मागितला, तिथेच बसून भरला आणि विचारलं, फलकावर नाव न लिहिता होईल का. कारकुनाने सांगितलं की नियम ताईंचा आहे, ताईंनाच विचारा. त्यावर भाऊ हसला. तिला विचारण्यापेक्षा न विचारलेलं बरं, म्हणाला. मग कोपऱ्यातला कूलर पाणी गार करत नव्हता, तो उघडून तासभर खटपट केली, नीट करून दिला आणि पैसे न घेता निघून गेला.

“कूलरची नोंद का नाही केलीस?” मी विचारलं. “फुकट काम केलं तर ते देणगीत दाखवायचं असतं.”

कारकुनाने हातातली यादी खाली केली. आपण काय बोललो ते मलाही कळलं, पण तोंडात दुसरं काही आलंच नव्हतं. मी उरलेली नावं लिहिली, खाली उतरले आणि तो फॉर्म मागितला. आमच्याकडे कागद फाडत नाहीत, हाही माझाच नियम. त्याने खणातून काढून दिला.

भावाचं गिचमिड अक्षर. आजार: हृदयाच्या नळीत अडथळ्याचा संशय. तपासणी आणि औषधांसाठी लागणारी रक्कम: अठरा हजार. मदत का हवी: यंदा काम कमी. अकराव्या रकान्यात आम्ही विचारतो, संस्थेच्या पदाधिकाऱ्याशी काही नातं आहे का. तिथे त्याने लिहिलं होतं, सख्खी बहीण. खाली सही नव्हती.

सहा महिने मी त्याच्या मागे लागले होते, तपासणी करून घे, दुखणं अंगावर काढू नकोस. पैशांचं विचारलं की ‘आहेत, आहेत’ म्हणून विषय बदलायचा. बहिणीकडून घ्यायचं नाही, हा त्याचा लहानपणापासूनचा हट्ट. मला वाटायचं, दवाखान्याला घाबरतो. चारचौघांत त्याला भित्रा म्हणाले होते मी.

कारकुनाने आणखी एक गोष्ट सांगितली. दहा जण फॉर्म नेतात, त्यातले चार परत आणत नाहीत. इतकी वर्षं मी समजत होते की त्यांना बरं वाटलं असेल. टाचणीचा हिशोब ठेवणारी बाई मी, आणि हे चार कधी मोजलेच नव्हते.

संध्याकाळी भावजयीकडे गेले. ती भावाचे कामाचे शर्ट घडी करून पिशवीत भरत होती. खिशांतून निघणारे स्क्रू एका वाटीत टाकत होती. मी तिला सगळं सांगितलं. रविवारच्या सभेत नियम बदलून घ्यायचाय. नावं वहीत राहतील, तपासनीस आणि दोन सभासद ती बघतील, फलकावर फक्त आजार आणि रक्कम येईल. पण माझाच नियम मी का मोडतेय, याचं कारण द्यावं लागेल. ते इतिवृत्तात जाणार आणि इतिवृत्त फलकावर. म्हणजे जे नाव त्याला तिथे नको होतं तेच लावावं लागणार. तुला चालेल का, मी विचारलं.

“ते लाजले म्हणून आले नाहीत, असं वाटतंय तुम्हाला?” ती म्हणाली. हातातला शर्ट तिने खाली ठेवला. “ताई, ह्यांना कसली लाज? घराघरांतले फ्रीज उघडून बघितलेत ह्यांनी. आत काय असतं नि काय नसतं, सगळं ठाऊक होतं.”

“मग?”

“त्या दिवशी घरी येऊन सांगितलं मला. म्हणाले, लोक म्हणतील बहिणीने भावाचं घर भरलं. नऊ वर्षं तिने कोणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही, ती माझ्यापायी कशाला? मी म्हटलं, जिवापेक्षा आहे का ते? तर म्हणाले, दोन महिन्यांत कामं येतील, मग जमतील पैसे.”

तिने पुन्हा शर्ट उचलला. मला वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं.

“लिहा,” ती म्हणाली. “पण लाजेपायी गेले असं लिहू नका. खरं ते लिहा.”

रविवारी सभेत मी ठराव मांडला आणि कारण सांगितलं. काउंटरवरून शिल्लक सांगावी त्या आवाजात सांगितलं, दुसरा आवाज माझ्याकडे नव्हता. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, माणूस सज्जन. त्यांनी समजावलं की ठराव योग्य आहे, सगळे हात वर करतील, पण कारण इतिवृत्तात नको. मेल्या माणसाचं नाव, शिवाय तुमच्याबद्दल लोक उगाच बोलतील. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

“माझ्याबद्दल कोणी बोलू नये म्हणूनच तो गेला,” मी म्हणाले. “आता बोलू देत.”

मग मी कारकुनाला सांगत गेले आणि तो लिहीत गेला. खजिनदाराच्या भावाने अर्ज भरला, पण दिला नाही. दिला असता तर लोकांनी खजिनदाराकडे बोट दाखवलं असतं, एवढंच कारण. उपचार राहिले आणि तो वारला. मधे भावाचं पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट. सगळ्यांनी हात वर केले. ठराव मंजूर झाला.

औषधाच्या दुकानाचा मालक आमचा सभासद आहे. नको तिथे नको ते विचारायची त्याला खोड. त्याने खालच्या आवाजात विचारलं, त्या महिन्यात आपल्याकडे तेवढी शिल्लक होती का?

दर महिन्याची शिल्लक मला तोंडपाठ असते.

“होती,” मी म्हणाले. “सत्तेचाळीस हजार.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं होतं.

“तेही लिही,” मी त्याला म्हणाले.