पाठीवरची पेन्सिल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. तारनाक्याच्या एका घरात, माळ्यावर, तांब्याच्या घंगाळाशेजारी माझी जागा आहे. माझ्यासारख्याने स्वतःविषयी बोलावे की नाही, याची मला खात्री नाही. माझ्या हातून एक मोठे नुकसान झाले आहे. ते मी केले की माझ्याकडून करवून घेतले गेले, हे मला अजून ठरवता आलेले नाही. म्हणून आधी सगळे सांगतो. मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म दिलसुखनगरचा. बाजार खुला झाल्यावर परदेशी सुटे भाग गल्लोगल्ली मिळू लागले होते. तिथल्या एका जिन्याखालच्या दुकानात अनिल नावाच्या कारागिराने मला जोडले. पंखा एकीकडचा, डबा दुसरीकडचा, चकती तिसरीकडची. मला नाव काही मिळाले नाही, पण स्क्रू मात्र सगळे घट्ट होते.

मला एकनाथरावांनी घरी नेले. ते मूळचे भालकीकडचे शेतकरी. अफझलगंजात त्यांचे बियाण्यांचे दुकान होते. वय झाल्यावर ते त्यांनी मुलाला, युवराजला दिले. मी घरात आलो त्याच वर्षी त्यांच्या पत्नी, सुशीलाबाई, गेल्या. त्यांच्या ट्रंकेत एकशे चाळीस फोटो निघाले आणि प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेले होते. एकनाथरावांना चाळीस वर्षांत हे ठाऊकच नव्हते.

त्यांनी एक स्कॅनर आणवला. रोज सकाळी चहा झाला की ते फोटो काचेवर पालथा ठेवत, मग उलटा करून पुन्हा ठेवत. आधी चेहरा, मग पाठ. असे दोनशे ऐंशी तुकडे त्यांनी माझ्या पोटात ठेवले. ते झाल्यावर मुलगी त्रिवेणी हिने मूळ फोटो चिकट पानांच्या नव्या अल्बममध्ये पक्के बसवून टाकले. पाठी आता संगणकात आहेत, मग कागदावर कशाला हव्यात, असा तिचा हिशेब. तो मलाही पटला होता. त्या खंडेनवमीला घरातल्या तराजूबरोबर मलाही हळदकुंकू लागले. माझ्या आयुष्यातला मान म्हणतात तो एवढाच.

पुढे रोज सकाळी एकनाथराव माझ्यासमोर बसत आणि एकेक पाठ मोठ्याने वाचत. ‘युवराज सव्वा वर्षाचा. स्टुडिओतल्या मांजराला भ्याला.’ ‘ही भालकीची मावशी. साडी माझी.’ वाचून ते एकटेच हसत. त्यांच्या दिवसाची सुरुवात त्याने होई. दुसरे काही त्यांना माझ्याकडून नको होते.

मग वर्षश्राद्ध जवळ आले. आलेल्या माणसांना दाखवायला आईच्या फोटोंचे पुस्तक छापायचे ठरले. फोटो नीट लावायला आणि सुधारायला एखादे सॉफ्टवेअर हवे. कोणते, यावरून घरात जे पेटले, ते मी माझ्या पडद्यामागून पाहिले.

युवराजने एक चकती आणली. तिच्यातले सॉफ्टवेअर रंगाचे. पिवळे पांढरे करायचे, काळे गोरे करायचे, सुरकुत्या घालवायच्या. त्रिवेणीचा नवरा कौस्तुभ पुण्याचा, माधापूरला कंपनीत होता. त्याने दुसरे उतरवून घेतले. ते शिस्तीचे. तारखा लावायचे, कप्पे करायचे, एकसारखे फोटो हुडकून काढायचे. मला दोन्ही आवडली नाहीत. एक नटवे, दुसरे उर्मट. पण माझी आवड कोण विचारतो?

“दाजी, तुमचं ते सॉफ्टवेअर म्हणजे रेशन ऑफिस,” युवराज म्हणाला. “नुसत्या रांगा लावतंय.”

“आणि तुझं म्हणजे ब्यूटी पार्लर,” कौस्तुभ म्हणाला. “चोरीच्या चकतीतलं. आधी वर्गवारी, मग रंगरंगोटी. पद्धत असते एक.”

“पद्धत पुण्यात ठेवा. इथं आम्ही माणसं बघून काम करतो.”

“युवराज, नीट बोल,” त्रिवेणी म्हणाली.

“अक्का, तू नक्को पडू मधे. तुला नवऱ्याचं सगळंच गोड लागतंय.”

एकनाथराव दारात उभे होते. “जावईबापू, युवराज, कुठलंबी घ्या,” ते म्हणाले. “पण पाठीला हात लावू नका.”

“अण्णा, तुम्ही निवांत बसा, हौ,” युवराज म्हणाला. त्याने ऐकले नव्हते. कौस्तुभनेही नाही. दोघे एकमेकांकडेच पाहत होते.

त्या दुपारी युवराजने आपले सॉफ्टवेअर श्रेष्ठ आहे हे दाखवायला सगळे दोनशे ऐंशी तुकडे एकदम निवडले आणि उजळायचे बटण दाबले. चेहरे उजळले, खरेच सुंदर झाले. पण पाठी जुन्या पिवळ्या कागदाच्या होत्या आणि त्यावरची पेन्सिल फिकट. कागद पांढरा करताना त्या सॉफ्टवेअरने पेन्सिलही पांढरी केली. एकशे चाळीस कोरी पाने. युवराजने पहिले वीस चेहरे पाहिले, खूश होऊन ‘ठेव’ म्हटले आणि दुकानावर गेला.

संध्याकाळी कौस्तुभ बसला. त्याच्या सॉफ्टवेअरने एकसारखे फोटो शोधले. एकशे चाळीस कोरी पाने त्याला एकच पान वाटले, यात त्याचा तरी काय दोष? ‘बघ, किती कचरा भरून ठेवलाय तुझ्या भावानं,’ कौस्तुभ त्रिवेणीला म्हणाला. मी विचारले, नक्की पुसायचे? मित्रांनो, मला एवढा एकच प्रश्न विचारता येतो. त्याने तो वाचलाही नाही. हो म्हणाला. एक पान राहिले, एकशे एकोणचाळीस गेली.

सकाळी एकनाथराव चहा घेऊन आले. त्यांनी पाठ उघडली. ती कोरी. दुसरी शोधली. दुसरी नव्हतीच. चहावर साय धरेपर्यंत ते बसून राहिले. मग उठले, अल्बम काढला आणि एक फोटो नखाने सोडवायला गेले. फोटोचा कोपरा हातात आला, पाठ पानालाच चिकटून राहिली.

“कोणी केलं हे?” त्यांनी विचारले.

“दाजींनी पुसलंय,” युवराज म्हणाला.

“कोरी पानं पुसली मी. कोरी कोणी केली ते युवराजला विचारा.”

इथून पुढचे सांगताना मला भीती वाटते, कारण मला जे ठाऊक होते ते त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. मी पुसतो किंवा बदललेला फोटो नव्याने ठेवतो, तेव्हा जुन्याचे फक्त यादीतून नाव काढतो. जुने अक्षर आत तसेच असते. त्या जागेवर नवे काही लिहिले गेले की मात्र ते कायमचे जाते. सुशीलाबाईंची अक्षरे माझ्यात होती. कोणी मला नुसते स्वस्थ राहू दिले असते तरी पुरे होते.

पण दोघांना अक्षरे नको होती, दोष हवा होता. युवराजने आपली चकती पुन्हा चढवली, दाजींची चूक सिद्ध करायला. कौस्तुभने त्यावर तिसरे सॉफ्टवेअर उतरवले. मग चौथे. प्रत्येक वेळी माझ्या आत नवे काही लिहिले जाई आणि मला कळे, आता मांजर गेले. आता मावशी गेली. मला ओरडता आले नाही. माझा पंखा तेवढा जोरात फिरत होता.

“काय घरघर करतोय हा डबडा!” कौस्तुभ म्हणाला.

“मालकासारखाच, बिघडलेला,” युवराज म्हणाला. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आले की अण्णा मागे उभे आहेत.

एकनाथराव वाकले, भिंतीतली वायर धरली आणि उपटली. पडदा काळा झाला.

“अण्णा, असं बंद करत नाहीत!” कौस्तुभ ओरडला. “खराब होईल.”

“होऊ द्या. तुम्हा दोघांच्या हाताला हे पुन्हा लागायचं न्हाई.”

त्यांनी मला चादरीत बांधले आणि रिक्षाने दिलसुखनगरला नेले, भंगारात द्यायला. अनिलने गाठ सोडून मला ओळखले. काय झाले ते त्याने विचारले, तेव्हा एकनाथरावांनी तुटक तुटक सांगितले.

“अच्छा करे अंकल, डोरी खींच लिए,” अनिल म्हणाला. “और एक घंटा चलता, तो कुछ नईं बचता था.”

तीन दिवस तो माझ्या पोटात शोधत होता. एकशे चाळीसपैकी सदतीस पाठी सापडल्या. त्याने त्या कागदावर छापून दिल्या आणि मलाही पुन्हा जोडून घरी पाठवले.

वर्षश्राद्धाला पुस्तक झाले नाही. पंगत उठल्यावर एकनाथरावांनी ते सदतीस कागद त्रिवेणीच्या हातात दिले आणि वाच म्हणाले. ती एकेक वाचू लागली. युवराज एका भिंतीला, कौस्तुभ दुसऱ्या भिंतीला. एका कागदावर ती थांबली. तो फोटो घरात सगळ्यांना पाठ होता. मधे सुशीलाबाई, एका हातात युवराजचे मनगट, दुसऱ्या हातात त्रिवेणीचे. आईची माया म्हणून तोच पुस्तकाच्या पहिल्या पानावर जायचा होता.

“आईनं काय लिहिलंय?” युवराजने विचारले.

त्रिवेणीने वाचले, “‘वाटेत दोघं भांडली. सोडलं असतं तर कॅमेऱ्यासमोर मारामारी केली असती. म्हणून मधे मी.’”

कोणी हसले नाही. कौस्तुभ भिंतीपासून उठला, कागद हातात घेतला आणि पुन्हा एकदा स्वतः वाचला. मग तो युवराजकडे दिला. अजूनही त्या दोघांचे फारसे पटत नाही, असे खालून येणाऱ्या आवाजांवरून वाटते. पण ते कागद दोघांनी मिळून पाकिटात घातले, एवढे मी माळ्यावर येण्याआधी पाहिले.

मित्रांनो, उरलेल्या एकशे तीन पाठी माझ्यामुळे गेल्या का, हे मी अजून स्वतःला विचारतो. सॉफ्टवेअर तुम्हाला हवे ते निवडा, मला त्यातले फारसे कळत नाही. पण फोटो उलटा करून आधी मागे काय आहे ते वाचा. आणि माझ्यासारख्या कुणी तुम्हाला विचारले, नक्की पुसायचे का, तर उत्तर द्यायच्या आधी हात थोडा वेळ मांडीवर ठेवा.