फ्रान्सला जाऊन आलेला कुकर

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे. तीन लिटरचा, काळ्या मुठीचा, बुडाला जरा पोचे आलेला. सध्या अमेरिकेतल्या ट्रॉय गावी एका बेसमेंटमध्ये बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी पडून आहे. पूर्वी माझा राग शिट्टीतून बाहेर पडायचा. आता शिट्टीही कुठे हरवली आहे, म्हणून तुम्हालाच सगळं सांगतो.

कारखान्यात पत्र्याला दाबून मला आकार दिला. पुण्याच्या दुकानातून मला सुवर्णाच्या आईने घेतलं आणि नोकरीसाठी परदेशी निघालेल्या लेकीच्या बॅगेत साड्यांत गुंडाळून ठेवलं. सुवर्णा इथे एकटीच राहायची. माझ्यावर तिचा फार जीव. मला डिशवॉशरमध्ये तिने कधी टाकलं नाही, स्वतःच्या हाताने घासायची.

रीमा ही तिची जिवलग मैत्रीण. रीमाला रुही झाली तेव्हा रोज माझ्यातलाच मऊ भात तिच्याकडे जायचा. रीमाचा नवरा विक्रम म्हणायचा, "सुवर्णा, तुझ्या कुकरला ग्रीन कार्ड द्यायला पाहिजे!" मी फुगून जायचो.

सुवर्णाला एकच वेड होतं, फ्रान्समधलं नदीकाठचं एक मध्ययुगीन गाव. दगडी घरं, कमानींचा पूल, टेकडीवर किल्ला. त्याचं चित्र तिने फ्रिजवर लावलं होतं. सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं. राहायचं घर तिनेच शोधलं, गाडीही तिनेच ठरवली. पण रीमा आणि विक्रम अमेरिकन नागरिक झालेले, आणि सुवर्णाचा पासपोर्ट भारताचा. तिला व्हिसा लागत होता आणि त्याची तारीखच वेळेत मिळाली नाही.

"तुझ्याशिवाय कसलं फ्रान्स, यार! आम्ही पण ट्रिप कॅन्सल केली," रीमा म्हणाली. सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं, असं मलाही वाटलं.

मग एक दिवस रीमा मला मागायला आली. "इथेच लेकवर केबिन घेतलीय. रुहीला खिचडी लागते ना!" सुवर्णाने मला पुसून तिच्या हाती दिलं.

बॅग उघडली तर खिडकीबाहेर तोच पूल!

गाव खरंच सुंदर होतं. पुलाखालून बदकं जात, चर्चची घंटा वाजे, अरुंद गल्लीत दारांवर गुलाबाचे वेल चढले होते. मला मात्र काही गोड लागेना.

"तिला कळलं तर?" विक्रमने विचारलं.

"फोटो टाकू नकोस कुठे, कसं कळेल?" असं म्हणत रीमाने खिचडी चढवली. मी अशी शिट्टी ठोकली की शेजारची म्हातारी धावत खिडकीशी आली. तिला काय कळणार! इथे माझ्या सुवर्णाचा केसाने गळा कापला जात होता.

ट्रॉयला आल्यावर मला परत द्यायची वेळ आली. उसनं भांडं रिकामं परत देऊ नये, ही आपली रीत. रीमा घाईत विक्रमला म्हणाली, "अरे, त्यात थोडी साखर टाक." त्याने ड्रॉवरमधल्या हाताला लागतील त्या साखरेच्या पुड्या माझ्यात टाकल्या. नदीकाठी कॉफी पिताना रीमाने पर्समध्ये भरलेल्या त्या पुड्या! प्रत्येकीवर त्या गावाचं नाव आणि कमानींचा पूल छापलेला.

सुवर्णाने झाकण काढलं. एक पुडी उचलून फ्रिजवरच्या चित्राशेजारी धरली. ती रडली नाही, पण तिने ते चित्र काढून कचऱ्यात टाकलं.

पुढच्या आठवड्यात रीमा गप्पा मारायला आली. सुवर्णाने बिनसाखरेचा चहा केला आणि बशीत एक पुडी ठेवली. रीमाचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, तू हर्ट होऊ नयेस म्हणून आम्ही..."

"केबिन छान होती ना?" सुवर्णा म्हणाली. मग ओट्यावरून मला उचलून तिने रीमाच्या हातात दिलं. "हा घेऊन जा. परत आणू नकोस."

मला वाटलं होतं, निदान मला तरी ती ठेवून घेईल. पण मला पाहिलं की तिला तो पूल आठवत असणार. एकीने खोटं बोलून नेलं, दुसरीने खरं कळल्यावर टाकलं. यात माझा काय गुन्हा? माझ्यात काही शिजवायची रीमालाही लाज वाटते, म्हणून मी या बेसमेंटमध्ये.

मित्रांनो, वस्तू उसनी जरूर घ्या, जपून वापरा, घासूनपुसून परत द्या. पण खोटं बोलून नेऊ नका. रीमाने नुसतं खरं सांगितलं असतं, तर सुवर्णाने मला स्वतः तिच्या बॅगेत भरून दिलं असतं, आणि वर डाळ-तांदूळही.