बाबांनी रोपांना पाणी पाजलं

"झाडांना टेन्शन येतं का? आणि आलं की तीही आमच्यासारखी फ्रिज उघडून उभी राहतात का?"

हे शाळेच्या हॉलमध्ये, माइकवर विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. पाहुण्या शास्त्रज्ञ म्हणजे माझी सख्खी आत्या! मुख्याध्यापिकांचा चेहरा आंबट झाला, आत्या मात्र खो खो हसली.

"येतं की. पण ती उलट खर्च बंद करतात. शनिवारी लॅबमध्ये ये, दाखवते."

शनिवारी बाबा सोबत आले. तिथूनच मला सुट्टीतल्या क्लासला डांबायला न्यायचं होतं. सकाळ-संध्याकाळ गणित, अख्खी सुट्टी. मला कुणी विचारलंच नव्हतं.

काचेच्या खोलीत रोपांच्या दोन रांगा. एक टवटवीत, दुसरी माना टाकलेली. आत्याने मला मास्क आणि हातमोजे चढवले.

"या पानांतला आरएनए आम्ही तपासतो, तो फार नाजूक. थुंकीचा थेंब उडाला तरी खलास. नळी उघडी असताना तोंड बंद."

बोला! शाळेला इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते एका नळीने केलं.

"हे बघ, 'वाढ' असा जीनचा हुकूम निघतो," आत्या म्हणाली. "पाणी तुटलं की काही चिमुकले आरएनए वाढतात. ते जुळणारा हुकूम शोधतात आणि वाटेतच कापायला लावतात. झाड वाढायचं थांबतं, तग धरतं."

"म्हणजे बाबा पिझ्झा मागवतात आणि आई फोन काढून घेते, तसं?"

"अगदी तस्सं!"

पानं कापली की लगेच गोठवायची असतात, म्हणून आम्ही द्रव नायट्रोजन आणायला शेजारच्या खोलीत गेलो. परत येतो तर बाबांच्या हातात रिकामा जग!

"बिचारी सुकली होती गं. पहिल्यापासून तुझं लक्षच नसतं कशात."

आत्या स्टुलावर मटकन बसली. "दादा! मुद्दाम तहानेली ठेवली होती रे ती! आता सगळं पहिल्यापासून. मदतीला कुणी नाही, सुट्टीभर पुरेल इतकं काम."

बाबांचा चेहरा पाहवेना. माझ्या तोंडून निसटलं, "आत्या, पाणी मिळाल्यावर ते चिमुकले लगेच गप्प होतात की रेंगाळतात?"

आत्याने मान वर केली. "ते आम्ही कधी पाहिलंच नाही."

"मग आत्ता पाहूया ना. थोडी पानं आत्ता, थोडी तासाभराने."

"दादा, घड्याळ धर!"

मी कापत होते, आत्या गोठवत होती, बाबा गुन्हेगारासारखे मिनिटं पुकारत होते. क्लासची वेळ कधी टळली, कुणालाच कळलं नाही. मी तासभर एक शब्द बोलले नाही आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

घरी आईने दारातच विचारलं, "घातलं नाव?"

बाबा बुटाची नाडी सोडवायला लागले. त्यांच्या बुटांना नाड्या नाहीत.

"आई, बाबा, मी क्लासला जाणार नाही. सुट्टीभर आत्याकडे रोपं लावणार, तहानेली ठेवणार, पानं कापणार. गणित घरी करीन. उद्यापासून डबा दोघींना पुरेल असा द्या."