बोरगावात राहिलेला दम

“दिव्यावर तोंडाचा वारा घालायचा नाही हं, सूनबाई. फुलानं शांत करायचा.”

सासूबाई जाऊन वर्षं झाली, तरी वात लावताना त्यांचा आवाज कानाशी येतो. म्हणून त्या दुपारी ह्यांनी देवघरातलं निरांजन मागितलं तेव्हा माझा हात थबकला.

“परीक्षा घ्यायचीय,” हे म्हणाले. “नाहीतर एका मुलाचं कॉलेज सुटेल.”

सदतीस सालची ही गोष्ट. हे कॉलेजात गणित शिकवत, आणि खेळातल्या तक्रारींची चौकशीही ह्यांच्याकडेच येई. त्या आठवड्यात बेळगावच्या मैदानावर हुतूतूचा शेवटचा सामना झाला होता. शहापूरच्या विणकराचा मुलगा तम्मण्णा पलीकडच्या गड्यांना शिवून परतला आणि आमचं कॉलेज जिंकलं. हरलेल्यांचं म्हणणं, त्याचा दम मध्येच तुटला, त्यानं श्वास घेतला, आणि तेवढ्यापुरतं गर्दीतून कुणीतरी त्याच्यासाठी ‘हुतूतू’ म्हणत राहिलं. असा साथीदार सापडला तर तम्मण्णाचं नाव काढून टाकायचं, असं प्रिन्सिपॉलसाहेबांनी बजावलं होतं.

बाहेरच्या खोलीत तम्मण्णा मान खाली घालून बसला होता. समोर हरलेल्या संघाचा कप्तान आनंद.

“हुतूतू खेळतोस का नाटक कंपनी काढलीस रं?” आनंद म्हणाला. “आज गर्दी न्हाय. आज कोण म्हणणार तुझ्यासाठी?”

“आज येऊ नये म्हंजे झालं,” तम्मण्णा पुटपुटला. ते फक्त मलाच ऐकू आलं.

मनात सासूबाईंची क्षमा मागून मी निरांजन ठेवलं आणि दाराआड उभी राहिले. ह्यांनी खिडक्या लावून घेतल्या. श्वास सोडला की ज्योत तोंडापासून लांब झुकेल, घेतला की तोंडाकडे येईल, एवढीच ती परीक्षा.

तम्मण्णानं सुरुवात केली. हुतूतूतूतू. ज्योत लांब झुकली आणि तशीच थरथरत राहिली. खूप वेळानं ती सावकाश सरळ झाली, आणि मग त्याच्या ओठांकडे वाकली.

त्यानं श्वास घेतला होता. पण आवाज तुटला नाही.

तम्मण्णाचे ओठ उघडे होते, हलत नव्हते. आवाज त्याच्या शेजारून येत होता. जरा जाड, जरा थकलेला. आनंद ताडकन उठला. “कोण हाय तिथं?” त्यानं दार ओढलं. दाराआड मीच होते. माझे मिटलेले ओठ बघून तो मागं सरला. आवाज आमच्या दोघांच्या मधून उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथं धाप लागल्यासारखा तुटला.

“अण्णा हाय त्यो, सर,” तम्मण्णाला रडू फुटलं. “माझा थोरला भाऊ, कल्लाप्पा. बोरगावच्या जत्रंत खेळताना पलीकडं पडला. मधली रेघ हातभर ऱ्हायली, तितंच गेला. तवापास्नं मी खेळाय लागलो की त्यो म्हणाय लागतोय. मी न्हाय बोलवत त्याला.”

ह्यांनी चष्मा काढून पुसला. “मैदानावर तू श्वास घेतला होतास का?”

खोटं बोलला असता तर ते कुणाला सिद्ध करता येणार होतं?

“व्हय सर. घेतलाता.”

“मग सामना त्यांचा. आता आनंदराव, साथीदाराचं सांगा. दार तुम्हीच उघडलंत.”

आनंदचा चेहरा पांढरा पडला होता. “न्हाय सर. कुणी न्हवतं,” तो म्हणाला, आणि टोपी विसरूनच निघून गेला.

तम्मण्णाचं कॉलेज वाचलं. ज्योत मात्र सरळ होईना. खोलीत वारा नव्हता, तरी ती उंबऱ्याकडं वाकून राहिलेली. मी तगरीचं फूल आणलं, पण ज्योतीशी नेताना हात पुढं जाईना. जवळ गेलं की आत कुणीतरी अगदी हळू म्हणत असल्यासारखं वाटे.

“काकू,” तम्मण्णा म्हणाला, “त्याला असं अर्ध्यात विझवू नगा.”

माझ्या देवापुढच्या ज्योतीत आलेला तो. मी म्हटलं, “नाही विझवत. रेघेपर्यंत पोचवीन त्याला. मग फुलानं शांत करीन.”

ती रात्र मी तेल घालत ज्योत राखली. सकाळी तुळशीला पाणी घातलं, रोजचा अध्याय वाचला, आणि त्या ज्योतीवरून कंदील लावला. फूल पदराला बांधलं. हे वर्तमानपत्रातून वर बघत म्हणाले, “बोरगावला जायचं तर निपाणीची मोटार लवकर सुटते.” एवढंच.

फाटकाशी तम्मण्णा उभा होता. हातात पुडी.

“चुन्याची फक्की हाय, काकू,” तो म्हणाला. “तितली रेघ पुसली असंल. परत मारतो.”

मी कंदील उचलला. काचेच्या आत ज्योत पुढं झुकली. आम्ही दोघं मोटारस्टँडच्या वाटेला लागलो, आणि आमच्या मधोमध, अगदी हळू, कुणीतरी दम धरला.