निघीन, बायो

ही दोन हजार एकवीसची गोष्ट. त्या वर्षी माझ्या नातीने, अश्विनीने, तिचा जुना मोबाईल मला दिला आणि त्यात मला मेहरीन सापडली. नगरची तरणी पोर. रोज नवा ड्रेस घालून गिरकी घ्यायची, ओढणी कशी घ्यावी ते सांगायची आणि शेवटी हात हलवून म्हणायची, "निघीन, बायो!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला लसूण खाली पडला. मला बायो फक्त आई म्हणायची. पारनेरहून काष्टीला मला भेटायला आली, की परतताना एसटीच्या पायरीवर उभी राहून अगदी असंच म्हणायची. तिला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली.

मग माझा नेमच झाला. व्हिडिओ संपला की मी अश्विनीला सांगायचे, "लिही, नीघ माय." ती काही न विचारता व्हिडिओखाली लिहून टाकायची.

शेजारच्या छबूबाईला मी सांगितलं, ती पोर रोज माझा निरोप घेऊन जाते.

छबूबाई पदर तोंडाला लावून हसली. "लाखभर लोकं बघत्यात तिला. तुला काय वळखनार हाय?"

"वळखंल."

"न्हाई वळखलं तर?"

"तर मोबाईल तुला."

दिवाळीच्या आधी मेहरीन काष्टीच्या बाजारात एका साडीच्या दुकानी आली. सोबत तिची आई, शरिफा. मी ठेवणीतली इरकल नेसून अश्विनीबरोबर गर्दीत घुसले. मागे छबूबाई, नजर माझ्या मोबाईलवर.

"मेहरीन, मी बायो."

"कोण?"

छबूबाईने लगेच हात पुढे केला. "आन हिकडं."

"अगं, रोज तुला 'नीघ माय' लिहिते ती!"

पोरीचे डोळे मोठे झाले. "अम्मी! ही बघ, सापडली!"

शरिफा कमरेवर हात ठेवून आली. "तुम्हीच का त्या? माझ्या पोरीनं काय घोडं मारलंय तुमचं? रोज उठून 'नीघ, नीघ'!"

"तीच म्हणते ना आधी, 'निघीन, बायो'!"

अश्विनी हसत हसत साड्यांच्या ढिगावर मटकन बसली. "आजी, ती 'लिंक इन बायो' म्हणते! कपडे कुठं मिळतात ते तिच्या नावाखाली दिलंय म्हणून."

 मेहरीनने हळूच विचारलं, "पण आजी, बायो म्हणजे कोण?" मग मी आईचं सांगितलं, एसटीचं सांगितलं. शरिफाचे हात कमरेवरून खाली आले.

"ही काय वळख झाली व्हय?" छबूबाई कुरकुरली.

"सापडली म्हणाली ना? मग!" मी मोबाईल कनवटीला खोचला.

त्या संध्याकाळी व्हिडिओच्या शेवटी मेहरीन थांबली, आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "निघीन, बायो."

मेहरीन आता लग्न होऊन संगमनेरला असते, लहान मुलांचे फ्रॉक विकते आणि अजून शेवटी तेच म्हणते. शरिफा ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवते. अश्विनीला पुण्यात नोकरी लागली. छबूबाईने स्वतःचा मोबाईल घेतला आणि ती नातवाकडून मेहरीनला लिहून घेते, "मला कवा म्हननार?" आता मीही बोटाने स्वतः लिहिते. फक्त शरिफाने बजावल्यापासून 'नीघ माय' नाही लिहीत, 'ये माय' लिहिते.