वीस सेकंदांची गाडी

फिलिंग दाताला धरून ठेवणाऱ्या औषधाच्या पूर्वी तीन बाटल्या असायच्या. त्यांचा क्रम दवाखान्यातल्या मदतनीस कौसरला एकवीस वर्षं पाठ होता. क्रम चुकला की पेशंटचा दात आठवडाभर ठणकायचा. निवृत्त होण्याच्या वर्षभर आधी आप्पा डॉक्टरांनीच एक बाटली आणली, युनिव्हर्सल बॉण्ड. दाताला चालायचा, धातूला चालायचा, पोर्सेलिनच्या कॅपलाही. त्या वर्षात एक फिलिंग निघालं नाही, ठणका लागल्याची तक्रार नाही. अट एकच होती. वीस सेकंद ब्रशने चोळायचा, मग हवा मारून सुकवायचा.

ते सेकंद कौसर एसटीने मोजायची. मनातल्या मनात जयगडहून गाडी सोडायची; मालगुंड, गणपतीपुळे, नेवरे, बसणी, शिरगाव करत रत्नागिरी स्टँडवर आणायची आणि म्हणायची, "आली." मगच आप्पा दातावरून ब्रश उचलायचे.

आप्पांच्या मुलाने, हर्षदने, दवाखाना हाती घेतला त्या पहिल्याच दिवशी ते बंद केलं. "आली काय, मावशी? हा दवाखाना आहे की डेपो?"

"सर, वीस सेकंद. खोक्यातल्या कागदावर लिहिलंय."

"युनिव्हर्सल आहे तो. त्याचं तो बघतो."

मग त्याने शमिकाला आणलं. एका बाटलीला एकवीस वर्षांचा अनुभव लागत नाही, म्हणाला. महिनाअखेरपर्यंत तिला शिकवा आणि मोकळ्या व्हा.

कौसरच्या शेवटच्या दिवशी पावस गावच्या मालनकाकू आल्या. निघालेलं फिलिंग कागदात बांधून आणलेलं. पंधरवड्यात दवाखान्यात परत आलेलं हे तिसरं.

"काय गो कौसर, त्या दिशी तुझी गाडी आलीच नाय ती?"

कौसरने हर्षदकडे पाहिलं. नोकरी गेलीच होती. त्याने एक वाक्य खरं बोलावं, म्हणजे नाव तरी शाबूत घेऊन घरी जाता येईल, एवढंच तिला हवं होतं.

हर्षद हातमोजे चढवत होता. "मावशींचं वय झालं, काकू. औषध देताना चुकल्या असतील. आता नवीन मुलगी आहे."

"व्हय काय," मालनकाकू म्हणाल्या. कौसरकडे न बघता त्यांनी तोंड उघडलं.

हर्षद चोळू लागला. ट्रेपाशी उभ्या कौसरने सवयीने गाडी सोडली. गणपतीपुळ्यालाच त्याने ब्रश उचलला. कौसरच्या ओठांवर 'सर' आलं. ते तिने गिळलं.

नंतर बेसिनपाशी शमिकाने हळूच विचारलं, "मावशी, मी तो कागद वाचला. वीस सेकंद मोजायचे कसे?"

कौसर हात पुसत राहिली. "डॉक्टरांना विचार," म्हणाली.

संध्याकाळच्या जयगड गाडीत तिला खिडकी मिळाली. शिरगाव मागे पडलं, बसणी गेली. मालनकाकूंचं फिलिंग पुन्हा निघायला आठवडा पुरे होता. तेव्हाही हर्षदला चूक कोणावर तरी ढकलावीच लागणार होती, आणि ट्रेपाशी शमिका उभी असणार होती.